टाउनोचं पाँटून आणि माझे गुरुवार

टाउनो किवेलाला मी तळ्यापलीकडे न्यायचे ते गुरुवारी. फक्त गुरुवारी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की लिओनानं स्वतःचं तेवढं झाकून ठेवलं.

माझं दुकान तळ्याच्या अलीकडच्या काठावर. गळाचं सामान, जिवंत मासोळ्या, गांडुळं, बोटीचं पेट्रोल, आणि कॉफी. त्या कॉफीला लोक नावं ठेवतात आणि तीन-तीन कप पितात. टाउनोचं घर दुकानापासून हाकेच्या अंतरावर. लोखंडाच्या खाणीत पंपावर तीस वर्षं काढलेला माणूस. ही फिनिश माणसं मुळातच घुमी, त्यात टाउनो म्हणजे कहर. तो वर्षभरात जेवढं बोलायचा तेवढं माझी बहीण एका दुपारी बोलते.

बोलायची ती आइली, त्याची बायको. दुकानात आली की दार उघडायच्या आधीच तिचं सुरू व्हायचं. आणि नेमका तिलाच झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. एकच शब्द उरला, ‘नीन’. त्यांच्या भाषेत ‘हो ना’ अशा अर्थाचा. भूक लागली तरी नीन, रडू आलं तरी नीन. टाउनोला तिला उचलणं झेपेना, त्याचे दोन्ही गुडघे बदललेले. म्हणून तिला तळ्यापलीकडच्या शुश्रूषागृहात ठेवलं. त्याच वर्षी त्याच्या डोळ्यांनी दगा दिला. मधली नजर गेली, कडेची तेवढी राहिली. बोलताना तो माझ्या कानामागे बघायचा, तेव्हा कुठे मी त्याला दिसायचे. गाडीचं लायसन अर्थातच काढून घेतलं.

पाण्यावरून शुश्रूषागृह दोन मैल. रस्त्यानं चौतीस, कारण मध्ये सगळी दलदल. सरकारी बस जिल्ह्याच्या हद्दीपर्यंत जाते, आणि शुश्रूषागृह हद्दीच्या पलीकडे चार मैल. मी बसच्या ऑफिसात जाऊन भांडून आले. तिथली बाई म्हणते, “हद्द ती हद्द.” म्हटलं, “तुझ्या आईला ठेव हद्दीपलीकडे, मग सांग.” उपयोग शून्य.

हिवाळ्याचं सोपं होतं. तळं गोठलं की तोच रस्ता. नाताळ संपला की लोक सजवलेली झाडं बाहेर फेकतात. टाउनो ती गोळा करायचा आणि बर्फात भोकं पाडून पन्नास-पन्नास पावलांवर रोवायचा, या काठापासून त्या काठापर्यंत. मग पायानं रेटायची घसरगाडी घेऊन, त्या काळ्या ठिपक्यांची रांग कडेच्या नजरेनं धरून, रोज जायचा. उणे तीस असो नाहीतर वारा घोंगावत असो. दोन वाजता आइली खिडकीत बसलेली असायची. एप्रिलमध्ये बर्फ काळा पडला तरी याचं जाणं सुरूच. शेवटच्या दिवशी मांड्यांपर्यंत भिजून आला.

“मरायचंय का तुला, गाढवा?” मी ओरडले.

“नाही,” तो म्हणाला. “उद्यापासून काय करू?”

तर उद्यापासून माझा गुरुवार. त्या दिवशी माझी बहीण दुकानात बसायची आणि मी त्याला गाडीतून न्यायचे. मी एकदा माझ्या बोटीतूनही नेऊन पाहिलं. पण मासेमारीची बोट खोल असते. गुडघे वाकेनात, तोल गेला, बरगडी मोडून घेतली. म्हणून त्याच्या डोक्यात पाँटून शिरलं. पाँटून म्हणजे दोन लांब पोकळ नळ्यांवर सपाट जमीन ठोकलेली बोट, तिला ना खोली ना उंबरा. धक्क्यावरून सरळ चालत जायचं. चाकाची खुर्चीसुद्धा चढते.

एक बंद पडलेलं विश्रामगृह होतं, त्याच्या मागच्या काटेरी झुडपांत चाळीस वर्षांचं पाँटून सडत पडलं होतं. टाउनोनं त्याच्या बदल्यात आपली झाडं कापायची करवत दिली. वेल्डिंगवाला जेनो ते ट्रेलरवर घालून घेऊन आला तेव्हा दुकानातली सगळी मंडळी कप घेऊन बाहेर आली.

“ही बोट नाही रे, चाळण आहे,” जेनो म्हणाला. “यात तू मासे धरणार नाहीस, मासे तुला धरतील.”

“दोन नळ्या शाबूत असल्या की झालं,” टाउनो म्हणाला. शाबूत कसल्या! बूच काढलं तर एकेका नळीतून बादल्या-बादल्या हिरवं पाणी गळलं.

नळीला भोक कुठे हे शोधायचं असलं की लोक आत हवा भरतात, वरून साबणाचं पाणी फासतात आणि बुडबुडे बघतात. याला बुडबुडे कुठले दिसायला! हा सायकलच्या पंपानं हवा भरायचा, मग मला म्हणायचा, “रेडिओ बंद कर.” आणि नळीला कान लावून इंच-इंच पुढे सरकायचा. खाणीत तीस वर्षं पंपांचा आवाज ऐकलेला तो कान. जिथे फुसफुस ऐकू येईल तिथे ओठ ओले करून टेकवायचा, आणि मग खडूनं फुली मारायचा. चोवीस फुल्या. जेनो मोजत होता. त्यानं सगळ्या भरून दिल्या आणि मोबदल्यात टाउनोच्या बाष्पस्नानाच्या खोलीत महिनाभर बसायचं ठरवलं. त्याला ती खोली घरच्या बायकोपेक्षा आवडायची, असं तो बायकोसमोर म्हणायचा.

इंजिन भंगारातलं. खुर्च्या म्हणजे शाळेच्या जुन्या बसची दोन बाकं. चर्चनं तळघरातला गालिचा बदलला, तो जुना गालिचा आला. राहिली जमीन. बोटीला लागतं ते प्लायवूड महाग, आणि टाउनोच्या पेन्शनमध्ये ते बसेना. तो खांबाला टेकून उभा राहिला. त्याचं ते तसं उभं राहणं मला कधी बघवायचं नाही.

“अरे, माझ्याकडे आहे ना!” मी म्हटलं. मासे साफ करायच्या शेडसाठी आणलेलं, औषध पाजलेलं हिरवट प्लायवूड माझ्याकडे पाच तक्ते उरलं होतं. “फुकट घे. हे शंभर वर्षं कुजणार नाही. तू मरशील, मी मरेन, पण हे असंच राहील.”

स्वतःवर काय खूश झाले होते मी! चार दिवस येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवलं, लिओनानं टाउनोची बोट उभी केली. जेनो त्या आठवड्यात बाहेरगावी कामाला होता, नाहीतर त्यालाही ऐकवलं असतं.

जूनच्या मध्यावर बोट पाण्यात गेली. त्याला चालवू द्यायला नको होती हे मलाही कळत होतं, शेरीफलाही कळत होतं. शेरीफ त्या वेळेला नेमका दुसरीकडे बघायचा. टाउनो पलीकडची शुश्रूषागृहाची पांढरी इमारत कडेच्या नजरेत धरायचा आणि अगदी हळूहळू जायचा. धक्क्याजवळ आला की तीनदा भोंगा वाजवायचा. मग नर्स बर्निस आइलीला खुर्चीतून धक्क्यावर आणायची. त्या उन्हाळ्यात सात वेळा खुर्ची सरळ बोटीवर गेली आणि ती दोघं बर्निसला घेऊन पाण्यात फिरून आली. एका खेपेला मीही होते. आइलीनं डावा हात बोटीच्या कठड्याबाहेर काढला, अंगावर पाणी उडालं, आणि ती ‘नीन, नीन’ म्हणत हसायला लागली. टाउनो तिच्या कानामागे बघत होता. म्हणजे तिच्याकडेच बघत होता.

तो एक उन्हाळा मिळाला. बास.

पुढच्या वसंतात ताडपत्री काढली तर गालिच्याखाली सगळं ओलं, आणि जमिनीखालच्या अल्युमिनियमच्या तुळयांवर पांढरं पीठ. टाउनोनं हाताचं बोट लावलं तर ते आरपार गेलं. नळ्यांवर तुळया बसतात तिथेही तेच. जेनो आला, ठोकून पाहिलं, टोपी काढली.

“टाउनो, आता हात टेकले. यावर वेल्डिंग धरणार नाही. कागदाला टाके घालता येतात का?”

“का झालं असं?” मी विचारलं.

जेनो टाउनोकडे बघायला लागला. टाउनो म्हणाला, “जुनं होतं. झालं.”

तरी त्यानं महिनाभर पत्रे ठोकले, लुकण भरलं, लोखंडी पट्ट्यांनी आवळलं. जूनमध्ये बोट पाण्यात घातली. धक्क्यापासून तीनशे हातांवर मधली तुळई मोडली, दोन्ही नळ्या फाकल्या, आणि तो बसच्या बाकाला धरून कमरेएवढ्या पाण्यात बसला. मीच बोटीतून जाऊन ओढत आणला. दोरी बांधताना मी त्याला नाही नाही ते बोलले, देवालाही बोलले. तो मोडलेला भोंगा मांडीवर घेऊन बसला होता.

मग काय, परत गुरुवार. येताना गाडीत तो विचारायचा, “यंदा बर्फ लवकर धरेल असं म्हणतात ना?” जुलै महिन्यात! मी म्हणायचे, “हो, धरेल.” माझ्या बहिणीनं एकदा विचारलं, “अगं, रविवारीही ने की त्याला. मी बसते दुकानात.” मी फाडकन म्हटलं, “रविवारी गर्दी असते, तुला गल्ला झेपत नाही.” झेपला असता. मला रविवारी दुपारी पाय वर करून पडायची सवय होती, एवढंच.

ऑक्टोबरमध्ये आइली खंगत चालली. गिळताना ठसके लागायचे. तिच्या खिडकीतून तळं दिसायचं आणि ती दोन वाजले की खुर्ची तिकडे वळवायला लावायची, रोज, असं बर्निस सांगायची. गुरुवार कुठला आणि सोमवार कुठला हे तिला कुणी समजावणार!

नोव्हेंबर उजाडला. शनिवारी हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडणार होता. त्याआधीचा बुधवार म्हणजे दुकानात पाय ठेवायला जागा नाही. परवाने, काडतुसं, नारिंगी जाकिटं, रांग दारापर्यंत. त्या गर्दीत टाउनो आत आला. चालत आलेला, टोपी हातात. रांग मोडून गल्ल्याशी येऊन उभा राहिला.

“लिओना, आइलीला ताप आहे. बर्निसचा फोन होता. छाती भरलीय म्हणते.”

माझ्या हातात कुणाचा तरी परवाना होता. मागून कुणीतरी ओरडलं, “म्हातारबा, रांगेत या!”

“अरे, उद्या गुरुवारच आहे की,” मी म्हटलं. “सकाळी अंधारातच निघू. उजाडता उजाडता पोचू.”

तो माझ्या कानामागे बघत राहिला. मी पुढच्याचा परवाना घेतला.

“बरं,” तो म्हणाला, आणि गेला. काचेतून मला दिसलं, तो घरी न जाता खाली काठाशी गेला. काठाला बर्फाची पातळ पापडी धरली होती. त्यानं पाय ठेवून पाहिला. ती फुटली.

आइली त्याच संध्याकाळी सात वाजता गेली. मी तेव्हा गल्ला बंद करत होते.

दफनानंतर चर्चच्या तळघरात कॉफी होती, तो नवा गालिचा घातलेल्या तळघरात. मी मुद्दाम जेनोशेजारी बसले, कारण टाउनोसमोर बसायची माझी हिंमत होत नव्हती. गप्प बसवेना म्हणून मी म्हटलं, “ती बोट अजून एक वर्ष टिकली असती तर.”

“टिकली असती,” जेनो केकचा तुकडा कुरतडत म्हणाला. “पंधरा वर्षं टिकली असती. पण त्यात ते औषधी प्लायवूड कुणा शहाण्यानं घातलं कोण जाणे. त्या औषधात तांबं असतं. ओलं तांबं अल्युमिनियमला लागलं की त्याचं पीठ होतं. तू गेल्यावर मी टाउनोला विचारलं, हे कुणी घातलं रे? म्हणाला, मीच. आणि वर, दुकानात याचा विषय काढायचा नाही, शपथ घे.” मग त्यानं माझा चेहरा पाहिला. “का गं? काय झालं?”

मी कोट घालून तशीच बाहेर पडले.

तीन आठवडे मी त्याच्याकडे गेले नाही. गुरुवारीसुद्धा. कशाला जायचं, आता न्यायचं कुठे! डिसेंबरात तळं पक्कं गोठलं, माणूस काय, ट्रक जाईल असं. त्या दिवशी माझ्यानं राहवेना. गेले तर तो अंगणात, मोडक्या पाँटूनवर बसून स्क्रू काढत होता. चांगले स्क्रू एका डब्यात टाकत होता. ते हिरवट प्लायवूड बाजूला रचलेलं, एक कोपरासुद्धा कुजलेला नाही.

“टाउनो, हे प्लायवूड माझं होतं,” मी म्हटलं.

“हो.”

“यानंच बोट खाल्ली.”

“हो. मला मे महिन्यातच कळलं.”

“मग बोलला का नाहीस? सहा महिने माझ्याच गाडीत बसत होतास, आणि तोंडातून एक शब्द नाही? मला शिव्या द्यायच्या होत्यास!”

त्यानं डबा खाली ठेवला. मान थोडी वळवली, माझ्या कानामागे नजर लावली आणि नीट बघितलं मला.

“सांगितलं असतं तर तू लाजेनं तोंड लपवून बसली असतीस,” तो म्हणाला. “यायचीच बंद झाली असतीस. मी ओळखतो तुला. आणि मला गुरुवार हवा होता.”

मी भांडायला तोंड उघडलं होतं. पण गेले तीन आठवडे मी काय केलं होतं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी बोटीच्या कडेला बसले आणि त्यानं दुसरा स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला.