तुळशीला घातलेल्या उलट्या प्रदक्षिणा

हसायचं असेल तर शेवटी हसा. कारण या गोष्टीत माझ्या मुलीचं नाक सुजलंय, आणि ते माझ्यामुळे.

माझी मुक्ता बॉक्सिंग करते. जिल्ह्याच्या संघात तिची निवड व्हावी म्हणून मी सोळा सोमवार धरले होते. निवडीची लढत होती मांजरी गावच्या एका मुलीशी. त्या मुलीचा उजवा हात म्हणजे वरवंटा, असं सगळे सांगत. जगतापसरांनी मुक्तापुढे पायांच्या दोन चाली ठेवल्या. एक तर थेट अंगावर चालून जायचं, नाहीतर तिच्याभोवती गोल फिरत राहायचं. मुक्ता चपळ, तिनं फिरायचं ठरवलं. कसं फिरायचं ते दाखवून सर आठवडाभर गावी गेले.

आणि ही सराव कुठे करते म्हणता? गच्चीवर, माझ्या तुळशीभोवती.

पाणी घालायला गेले तर माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. तुळशीकडे तोंड करून ही आपल्या उजवीकडे सरकत होती. म्हणजे उलटी प्रदक्षिणा! एक नाही, दोन नाही, चांगल्या तीस-चाळीस. इकडे मी उपास करून पुण्य जोडतेय, तिकडे लेक ते उधळतेय.

"मुक्ता, डावीकडून फीर बाई."

"आई, ही प्रदक्षिणा नाहीये. फूटवर्क आहे."

"पाय तुझेच आहेत ना?"

तिनं काहीतरी समजवायला तोंड उघडलं होतं. पण मी म्हटलं, माझा बारावा सोमवार आहे, एवढं एक ऐक. माझा उपासानं उतरलेला चेहरा बघून तिनं ऐकलं. आठवडाभर डावीकडून फिरली. मी रोज निरांजन लावून समाधानानं बघत होते.

लढतीच्या दिवशी स्वारगेटजवळच्या त्या हॉलमध्ये मी पहिल्या रांगेत, पदरात अंगारा. घंटा झाली. मुक्ता डावीकडे सरकली आणि ठोसा बसला. पुन्हा सरकली, पुन्हा बसला. कोपऱ्यातून सर ओरडत होते, उजवीकडे जा. ती जायला लागली की एकदा माझ्याकडे बघायची, आणि मी, काय बुद्धी झाली होती कोण जाणे, आरतीचं तबक फिरवावं तसा हात फिरवून तिला परत डावीकडे पाठवायचे. मार बसतोय म्हणजे श्रद्धा कमी पडतेय, असं वाटून मी हात आणखी जोरात फिरवला.

तिसऱ्या फेरीत मला बघवेना. डोळे मिटून जप सुरू केला, हात थांबला. तेवढी एकच फेरी मुक्तानं जिंकली. लढत मात्र गेली, आणि संघातली जागाही.

सरांनी बर्फाची पिशवी तिच्या नाकाला लावत विचारलं, "डावीकडे जायला कोणी शिकवलं तुला?"

मुक्ता हातावरची पट्टी उलगडायला लागली. मान खाली. तिला आणखी एक ठोसा झेलताना बघणं मला जमेना. मी उठले आणि तुळशीपासून तबकापर्यंत सगळं सांगितलं.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काकू, समोरच्याचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो. देवाच्या उजव्या हातात आशीर्वाद असतो. मांजरीच्या मुलीच्या हातात तो नव्हता."

घरी येताना रिक्षात मी मुक्ताची माफी मागितली. ती म्हणाली, "अगं, मीच ऐकलं ना तुझं. पुढच्या निवडीला तू देवळात बस. आणि हात मांडीखाली ठेव."

पुढची निवड आली तशी मी खरंच गणपतीच्या देवळात गेले. सोळा सोमवारांचं उद्यापन झालं होतं, तरी मन थाऱ्यावर नव्हतं. हात जोडून फिरत होते आणि मनात एकच घोकत होते, उजवीकडे, बाळा, उजवीकडे.

देवळातले गुरुजी चंदन उगाळत होते. बऱ्याच वेळानं वर न बघताच म्हणाले, "वहिनी, तुम्ही उलट्या फिरताय. पाच झाल्या."

मी जागच्या जागी थिजले. मुक्ताला त्या वरवंट्यासारख्या उजव्या हाताखाली ढकलून झालं होतं, आणि आता पाच वेळा मी गणपतीचा आशीर्वाद चुकवला होता.

पर्समध्ये फोन वाजला. मुक्ताचा होता. जिंकली होती.

"सरांचं ऐकलं," म्हणाली. "तू काय करत होतीस?"

"फूटवर्क," मी म्हटलं.