पायऱ्या न दाखवणारा पूरफलक

चैत्र: रहिवाशांशी विचारविनिमयाची बैठक, जबाबदार, नदीची पातळी मोबाइलवर दाखवणारा पूरफलक तयार करणारी कंपनी. आषाढ: घाटाच्या पायऱ्यांवर लोखंडी कठडे, जबाबदार, तसा आदेश देणारे अधिकारी. श्रावण: गंगेकाठच्या दुर्गाघाटावरील आमच्या खालच्या खोलीत पाणी, जबाबदार, वरील दोघेही.

बैठकीत फलकाची रचना करणाऱ्या मुलीने मला विचारले, "अंकल, धोक्यासाठी लाल रंग ठेवू की नारंगी?"

"रंग तुम्हीच ठरवा. पाणी कोणत्या पायरीवर आहे, एवढे दाखवा. आमच्याकडे ते आधी नाल्यातून वर येते. घाटावरच्या गणपतीचा ओटा भिजला की आम्ही खालच्या खोल्या रिकाम्या करतो."

ती हसली. "अंकल, सीढ़ी डेटा नहीं होती."

इतिवृत्तात माझी सूचना नाही.

माझे थोरले बंधू वेदपाठशाळेत शिकवीत. त्यांनी स्वहस्ते उतरवलेल्या पोथ्या त्या खालच्या खोलीत असत. एरवी ओटा भिजला की शेजारी न बोलावता येत आणि हातोहात पोथ्या माडीवर जात. यंदा कठड्यांनी पायऱ्या उतरायची वाट बंद केल्यामुळे ओटा कोणालाच दिसला नाही. सारी गल्ली मोबाइलवर फलक पाहत होती. पाणी शहराच्या धोक्याच्या पातळीखाली होते, म्हणून फलक हिरवा होता.

"काय वकीलसाहेब, पोथ्या हलवायच्या का?" दादांनी विचारले.

"फलक हिरवा आहे, दादा."

"मग गंगेला नोटीस पाठव. म्हणावे, हिरवीच राहा."

आम्ही जेवत असतानाच नाल्याचे पाणी खोलीत शिरले.

पोथ्या गच्चीवर वाळत घातल्या. पाने चिकटली होती, शाई पसरली होती. दादा त्यांच्याजवळ बसून असतात. त्यांचे सकाळचे पठण बंद आहे. मी संतापलो आहे असे लोक समजतात. तसे काही जाणवत नाही. मी जेवतो, पत्रे लिहितो, झोपतो.

माझ्या तक्रारीला अधिकाऱ्यांच्या कार्यालयाचे उत्तर आले: फलकावरील पातळी अचूक होती. मला ते मान्य आहे. माझी तक्रार अचूकतेविषयी नाहीच. ज्यांच्या घरात पाणी शिरते, त्यांना फलक पाहून काय ठरवायचे असते, हे कोणी कोणाला विचारले? याचे उत्तर मला टपालाने नको. संबंधित अधिकाऱ्याने आणि कंपनीच्या प्रमुखाने घाटावर यावे, आणि सर्व रहिवाशांसमोर, दादा ऐकत असताना, ते द्यावे.