चाकवतावर न उठलेले ठिपके

प्रल्हाद गेल्याचा फोन आला तेव्हा मी नशिराबादच्या पॉलिहाउसमध्ये पाण्याच्या पाइपचा वॉल्व्ह बसवत होतो. फोन त्याच्या मुलाचा होता. "नानाकाका, बाबा गेले. सकाळी चहा मागितला आणि..." पुढचं मला कळलं नाही, कारण हातातला वॉल्व्ह सुटला आणि पाणी अंगावर उडालं. तसाच निघालो आणि धुळ्याची बस धरली. पारोळा येईपर्यंत कपडे अंगावरच वाळले. अंत्यविधीला माणसं बरीच होती. कॉलेजातले त्याचे जुने विद्यार्थी होते, गल्लीतले होते, यावलचे नातेवाईक होते. ज्यांच्या झाडांसाठी तो निवृत्तीनंतर उन्हातान्हात हिंडला, त्या रोपवाटिकावाल्यांपैकी मात्र मी एकटाच होतो. बाकीचे का आले नाहीत, ते तिथे फक्त मला माहीत होतं.

त्याला आता काही आठवडे झाले. लिहायला बसतो, उठतो, कुंड्या इकडच्या तिकडे करतो, पुन्हा येऊन बसतो. शेवटी लिहायची गोष्ट पोटात ठेवून आधीच्या आठवणी लिहिणं मला जमत नाही, म्हणून ती आधीच लिहून टाकतो. सोनगीरकडच्या रोपवाटिकांत जास्वंदीचा रोग प्रल्हाद सरांमुळे पोचला, असं आमच्या धंद्यात अजून बोललं जातं. ते खरं नाही. तो रोग माझ्यामुळे पोचला.

आम्ही दोघं यावलच्या शाळेतले. तो पुढे शिकला, वनस्पतींच्या रोगांचा प्राध्यापक झाला आणि धुळ्यात स्थायिक झाला. मी केळीच्या बागांतून कामं करत करत कलमांकडे वळलो आणि नशिराबादजवळ शोभेच्या झाडांची रोपवाटिका काढली. गावात मला सगळे नाना म्हणतात. तो मात्र शेवटपर्यंत भास्कऱ्याच म्हणायचा, तेही माझ्या मजुरांसमोर. शर्टाच्या खिशात त्याच्या साबणाची डबी असे. पॉलिहाउसच्या दारात हात धुतल्याशिवाय तो आत पाऊल टाकत नसे आणि बाहेर पडताना पुन्हा धूत असे. आत आला की कुणाशी बोलायचा नाही. पान उलटायचा, चष्मा कपाळावर चढवून डोळ्याजवळ धरायचा आणि मग वाक्य टाकायचा. "भास्कऱ्या, कोळी झालाय. झाडाला कीड लागलीय, तू जाळी कसली झटकतोस?" त्याचं बोलणं अनेकांना लागायचं. तरी लोक त्याला बोलवायचे, कारण तो सांगेल ते खरं निघायचं आणि तो फुकट यायचा.

त्याच्या घरी, गॅलरीत, चाकवत असायचा. आपण ताकातली भाजी करतो तोच. झाडाला विषाणूचा रोग आहे की नाही हे नुसतं बघून ठरवता येत नाही, असं तो म्हणे. मग संशयित झाडाचं पान खलात कुटायचं, रांगोळीसारखी बारीक पूड टाकून तो रस चाकवताच्या पानावर बोटाने हळूच चोळायचा आणि थांबायचं. विषाणू असेल तर आठवड्या-दीड आठवड्यात त्या पानावर पिवळे ठिपके उठतात. मोठ्या प्रयोगशाळेत याहून भारी उपाय आहेत, पण तिथे नमुना जाऊन उत्तर येईपर्यंत माणूस अर्धी रोपवाटिका विकून मोकळा होतो, असं त्याचं म्हणणं. सुमनवहिनींचा आल्याचा खल या कामात कायमचा गेला होता. "भाऊजी, आमच्याकडे भाजी पिकते, पण खायची नाही," वहिनी म्हणायच्या, "आणि आलं मी दगडानं ठेचते." त्यावर प्रल्हाद म्हणे, "चाकवत खोटं बोलत नाही. घरात एकानं तरी खरं बोलावं."

एकदा त्यानं कुठूनशी लाल जास्वंदीची फांदी आणली होती. टपोरं फूल, रंग कुंकवासारखा. आधी तिचा रस चाकवतावर चोळून बघितला, ठिपके आले नाहीत, तेव्हाच तिची कलमं केली. एक मला दिलं, काही सोनगीरच्या रोपवाटिकांना दिली. "पास झालीय, घे," एवढंच म्हणाला. मूळ झाड त्यानं गॅलरीत ठेवलं. ती जास्वंद आमच्याकडे उत्तम चालली. गणपतीत लोक कुंडीसकट नेऊ लागले.

त्यानंतर मी एका लग्नाला गेलो होतो. मंगल कार्यालयाच्या कुंपणालगत एक जास्वंद होती. तिच्या पानांवर फिकट पिवळी वर्तुळं होती, बांगड्या उमटाव्यात तशी. फूल साधंच, पण पान बघत राहावं असं. मला वाटलं, ही नवी जात. माळ्याला विचारलं असतं तर त्यानं फांदी दिलीही असती. पण माझी आई म्हणायची, मागून आणलेलं झाड जगत नाही, चोरून आणलेलं जगतं, आणि या बाबतीत मी साठी उलटूनही आईचाच होतो. आहेरात मिळालेला टॉवेल नळाखाली भिजवला, त्यात फांदी गुंडाळली आणि टोपी घालून साळसूदपणे बाहेर आलो. फांदी जगली. तिची भरपूर कलमं केली, आणि त्याच सुरीनं, ती न धुता, प्रल्हादच्या लाल जास्वंदीचीही केली. सुरी सारखी धुतली की धार जाते, असं आम्ही कलमवाले मानतो.

श्रावणात प्रल्हाद आला. हात धुतले, आत आला आणि पहिल्याच रांगेपाशी थांबला.

"हे काय?"

"नक्षी आहे. नवीन जात तयार होतेय."

"जात?" त्यानं पान उलटलं. "देवी आल्यावर तोंडावर नक्षी आली म्हणशील का?"

"लोह कमी पडलं असेल मग."

"लोह कमी पडलं तर शिरा हिरव्या राहतात आणि मधलं पिवळं पडतं. हे बघ, वर्तुळं शिरा ओलांडून गेलीत. कोळी नाही, औषधानं भाजलेलंही नाही." मग त्यानं चष्मा खाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "बाहेरून काही नवीन आणलंस?"

"नाही," मी म्हणालो.

का म्हणालो? लाज वाटली. चोरलेल्या फांदीवर तो वर्षभर माझी टिंगल करेल, एवढंच तेव्हा मनात होतं. एवढ्या क्षुल्लक कारणासाठी तो 'नाही' तोंडातून गेला, आणि नंतर तो परत घेणं दर महिन्याला अवघड होत गेलं.

त्यानं पानं पिशवीत घालून नेली. मग एक दिवस फोन आला, "बोलला चाकवत." दुसऱ्या दिवशी स्वतः आला. विषाणू आहे, त्याला औषध नाही, फवारणीत पैसा घालू नको. सगळ्या जास्वंदी जाळ, सुरी आणि हात साबणानं धू, आणि एकही कुंडी दाराबाहेर जाऊ देऊ नको, असं त्यानं बजावलं. "हिरवी दिसतात तीसुद्धा. आज हिरवी आहेत, अंगात असेल." मी त्याच्यासमोर वर्तुळवाल्या कुंड्या रिकाम्या केल्या, झाडं पेटवली. मागच्या रांगा मात्र तशाच ठेवल्या. गणपतीसाठी सोनगीरच्या लोकांना शब्द दिला होता, झाडं हिरवीगार होती... तो गेल्यावर दोन दिवसांनी मी टेम्पो भरला.

पुढच्या वर्षी सोनगीरहून निरोप आला. तिथल्या शेडमध्ये सगळे जमले होते. त्यांच्यातले वयानं मोठे आबा म्हणाले, "बठ्ठा झाडं गयात, नाना. हाऊ रोग उना कोठून?" रोग आला कुठून, म्हणून सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "माझ्याकडेही तेच झालं. मूळ जास्वंद प्रल्हाद सरांनी दिलेली." यातला एकेक शब्द खरा होता. म्हणूनच तो इतका सहज बाहेर आला.

नंतर प्रल्हाद तिकडे गेला तेव्हा त्याला दारातच थांबवलं. हे त्यानंच मला हसत हसत सांगितलं. "सर, तुम्ही बाहेरथीनच देखा, म्हणाले. बरोबर आहे त्यांचं. मीच शिकवलंय, संशय असेल त्याला आत घेऊ नका." मीही हसलो. हळूहळू त्याला कुणी बोलवेनासं झालं. माझ्याकडे येत राहिला, दारात हात धूत राहिला, त्या विषयावर पुन्हा बोलला नाही. मी मनाशी ठरवून टाकलं की त्याला सगळं कळलंय आणि मैत्रीखातर त्यानं ते पोटात घातलंय. असं ठरवल्यानं मला झोप लागत असे.

तेराव्याला माणसं पांगल्यावर वहिनींनी मला गॅलरीत बोलावलं. लाल जास्वंद अजून तिथेच होती. शेजारी चाकवताच्या दोन कुंड्या, त्यातल्या एकीला लाल दोरा बांधलेला.

"भाऊजी, तुम्हाला यातलं कळतं. हे ठिपके कधी उठतात हो? जायच्या आठवडाभर आधी चोळलं होतं त्यांनी."

"कशाचा रस?"

"या जास्वंदीचाच. दर थंडीत चोळायचे. ठिपके यायचे नाहीत, तरी पुढच्या वर्षी पुन्हा. मी म्हणायचे, एकदा नाही म्हणाला ना चाकवत? तर म्हणायचे, सुमन, नशिराबादला आणि सोनगीरला, दोन्हीकडे गेलेली वस्तू एकच, माझी जास्वंद. भास्करनं बाहेरून काही आणलेलं नाही. म्हणजे माझंच कुठेतरी बघायचं राहिलं. विषाणू झाडात दबून बसतो, एखाद्या वर्षी सापडेल."

मी चष्मा लावून पानं बघितली. वरून बघितली, उलटून बघितली. एकही ठिपका नव्हता. आणि मग तिथेच, कठड्याला धरून, वहिनींना टॉवेलपासून टेम्पोपर्यंत सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "इतक्या वर्षांत हे त्यांना सांगायला धुळ्याची बस मिळाली नाही का तुम्हाला?"

त्याला कळलं नव्हतं. त्यानं माझं काही पोटात घातलं नव्हतं. त्यानं माझ्या एका 'नाही'वर विश्वास ठेवला, आणि स्वतःवरचा सोडला.

सोनगीरला जाऊन आलो. शेडमध्ये उभा राहून सांगितलं. आबा ऐकत होते, शेवटी एवढंच म्हणाले, "मंग सरले आते कोन सांगी?" सरांना आता कोण सांगणार, असं विचारून ते उठले आणि झाडांना पाणी द्यायला गेले. जे तिथे भेटले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहिलं.

तेराव्याला धुळ्याहून निघताना वहिनींनी दोरा बांधलेली कुंडी माझ्या हातात दिली होती. ठेवा, एवढंच म्हणाल्या. बसमध्ये मी ती मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर म्हणाला, "काय बाबा, भाजी कुंडीसकट घेतली?" आता ती पॉलिहाउसच्या दारात आहे, शेजारी साबण. ठिपके उठायचे दिवस केव्हाच उलटून गेले. त्या कुंडीचं उत्तर जगात मला एकट्याला पहिल्यापासून माहीत होतं. तरी रोज सकाळी हात धुतो, चष्मा लावतो आणि पान उलटून बघतो.