सरांच्या शोकसभेत अडलेलं रूट एक्स

आता काय सांगू तुम्हाला, फजिती सगळ्यांचीच होते. पण शोकसभेत, हार घातलेल्या फोटोशेजारी उभं राहून फजिती झालेला माणूस पाहिलाय कधी? नसेल, तर चहा घ्या आणि माझ्याकडे नीट बघून घ्या.

आमचे गावंडे सर गेले. दारव्ह्याच्या शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं. मी तांड्यावरून चालत येणारा पोरगा. बारावीच्या वर्षी सरांनी मला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, काकूंनी वाढलं ते खाल्लं, म्हणून आज यवतमाळात माझा गणिताचा क्लास आहे. हे मी हसत सांगत नाही. सर गेल्याचा फोन आला तेव्हा रस्त्याच्या कडेला गाडी लावून मी मनसोक्त रडलो.

पण सर माझ्यावर नाराज होते, आणि कारण तो क्लासच. माझ्याकडे सगळं शॉर्टकटनं चालतं. रूट एक्सचं डेरिव्हेटिव्ह? एक भागिले दोन रूट एक्स, गोल काळा करा, पुढचा प्रश्न. ते कुठून आलं हे विचारायला प्रवेश परीक्षेत वेळ कोणाला असतो? सरांचं याच्या उलट. ते व्याख्येपासून निघायचे. एक्स थोडा वाढवा, त्या वाढीला एच म्हणा, फरक काढा, एचनं भागा, आणि मग एचला शून्याकडे न्या, पण हळूहळू. घाई केली की भाजी करपते, म्हणायचे. मागच्या दिवाळीत भेटलो तेव्हा त्यांनी चष्मा काढून विचारलं होतं, "अविनाश, तू पोराईले उत्तर देतं. गणित कधी देशीन?"

त्यामुळे 'शोकसभेत दोन शब्द बोला' असा मुख्याध्यापकांचा फोन आला, तेव्हा मी ठरवलं की भाषण नाही करायचं. सरांचं लाडकं रूट एक्स, व्याख्येवरून, अख्ख्या गावासमोर फळ्यावर सोडवायचं. सरांना जिवंतपणी द्यायचं राहिलेलं उत्तर एवढ्यानं तरी पोचेल, असं मला खरंच वाटत होतं.

आमच्याकडची शोकसभा तुम्हाला माहीतच आहे. लोक भाषण ऐकत नाहीत, गळा ऐकतात. ज्याचा दाटला तो खरा शिष्य. ज्याचा नाही दाटला, तो जेवणापुरता आला होता असं ठरतं. माझ्या आधी बोललेल्या सगळ्यांनी एकच पोकळी न भरून निघणारी म्हणून सांगितली, पण गळा काही कोणाचा दाटला नाही. लोक ताटकळले होते.

पहिल्या रांगेत काकू आणि शेजारी सरांची नात समृद्धी. यंदा बारावीला. तिला सर घरीच शिकवत. माझ्या क्लासला त्यांनी तिला पाठवलं नव्हतं, आणि ते मला लागलं होतं.

मी फोटोला हात जोडले, खडू घेतला आणि झोकात लिहिलं. रूट एक्स अधिक एच, वजा रूट एक्स, भागिले एच, आणि एच शून्याकडे. अख्खा हॉल फळ्याकडे बघत होता. आणि पुढे?

पुढे काही नाही. एचच्या जागी शून्य ठेवून पाहिलं मनात, तर वर शून्य, खालीही शून्य. आज झोपेतून उठवलं तरी सांगतो. वर-खाली त्याच दोन वर्गमुळांच्या बेरजेनं गुणायचं. मग वरची मुळं जातात, नुसता एच उरतो, तो खालच्या एचला घेऊन जातो, आणि वाट मोकळी. पण त्या दिवशी? इतकी वर्षं नुसते गोल काळे करून त्या वाटेवर गवत उगवलं होतं.

लोकांकडे पाठ करून मी उभा. घाम डोळ्यांत उतरला, म्हणून रुमालानं डोळे पुसले. झालं! मागून पहिला हुंदका आला. मग कोणीतरी हळूच म्हणालं की बिचाऱ्याले लयच भरून आलं. तसं नाही म्हणून मी मान हलवली, तर हुंदके वाढले.

शेवटी धीर केला, वळलो आणि सरळ कबूल केलं, "मला पुढचं आठवत नाही."

मुख्याध्यापकांनी मला मिठीच मारली. "नका आठवू सर," ते माझ्या कानात म्हणाले, "आठवलं का त्रास होते."

माझ्या हातातला खडू काढून घेतला गेला, पाणी आलं, दोघांनी दंडाला धरून मला खुर्चीवर बसवलं. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, तरी वाजल्या. पुढच्या वक्त्यांना तर विषयच मिळाला. आयुष्यसुद्धा असंच अर्ध्यावर सुटलेलं गणित आहे वगैरे. फळा कोणी पुसू दिला नाही. मी शरमेनं मान जितकी खाली घालत होतो, तितकी माझी गुरुभक्ती वर जात होती.

सभा संपली. काकू समृद्धीचा हात धरून माझ्याकडे आल्या. त्यांचे डोळे कोरडे होते, आणि त्यांच्याकडे बघताना मला पहिल्यांदा खरंच रडू यायला लागलं.

"रडू नको बाप्पा," काकू म्हणाल्या. "दवाखान्यात नेलं ना, त्या सकाळी हिचे आबा हिले हेच शिकवून राह्यलते. तू जिथं थांबला, तिथंच राह्यलं. तू फळ्याकडं गेला तशी ही पोरगी सावरून बसली. मले म्हणे, आजी, आता समजीन."

समृद्धीनं फळ्याकडे बोट दाखवलं. "काका, याच्या पुढं काय करायचं?"

मी फळ्याकडे पाहिलं. अजूनही वर शून्य, खालीही शून्य. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि शक्य तितक्या गंभीरपणे म्हणालो, "उद्या सांगतो बेटा."

तिनं शांतपणे मान डोलावली.

"आबा बी असंच म्हणलते."

सरांकडे निदान न सांगण्याचं कारण होतं, ते वारले. मी तर जिवंत होतो, आणि यवतमाळात माझा गणिताचा क्लास होता.