शीळफाट्यावरचा खांदा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही. बायकोला नाही, सिद्धार्थला नाही, आणि ज्याला सांगायला हवे त्या कमळाकरला तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हाही भित्रेपणाच — पण तो राहू दे. एका वेळी एकच.

ठाण्याच्या एका दैनिकात मी आयुष्यभर उपसंपादक होतो. नव्या मुलांना बजावायचो, घडले काय ते पहिल्या वाक्यात आले पाहिजे, बाकीचे नंतर. आणि आता बघा. दुसरा परिच्छेद चालू आहे, आणि मी अजून स्वतःची ओळखच करून देतो आहे.

आम्ही तिघे मित्र. कमळाकर कोपरचा, आगरी. बापजाद्यांच्या भातशेतीवर आता इमारती आहेत, भाड्यावर घर चालते, त्यामुळे छंदांना वेळ भरपूर. सिद्धार्थ डोंबिवलीच्या चाळीत वाढला, ठाण्याच्या कोर्टात नोकरीला आहे, आमच्याहून वयाने लहान. तिसरा मी. आमचा एक नियम होता — ज्याची पन्नाशी, त्याचे खूळ. तो म्हणेल ते बाकीच्यांनी दिवसभर करायचे, आणि कुरकुर करायची नाही. माझ्या पन्नाशीला मी दोघांना ठाण्याच्या खाडीवर रोहित पक्षी बघायला नेले. पक्षी आले नाहीत. दोघे भर उन्हात चिखलाकडे बघत उभे राहिले, आणि एका शब्दाने कुरकुरले नाहीत. हे लक्षात ठेवा. मला ठेवावे लागते.

कमळाकरचे खूळ होते एकचाकी सायकल. सर्कशीत असते तसली छोटी नव्हे. छातीएवढ्या उंचीवर बसवणारी, मोठ्या चाकाची, लांब पल्ल्याची. तिला हँडल नाही, ब्रेक नाही. पायडल फिरत राहिले तर माणूस वर, थांबले की खाली. ती त्याने कुठून तरी मागवली, वर्षभर कोपरच्या मैदानात पडत-उठत शिकला, आणि जाहीर केले — वाढदिवसाला कोपर ते ठाणे, शीळफाट्यावरून, ठाण्यात पोहोचेपर्यंत पाय जमिनीला लावणार नाही.

मग सिग्नलला काय करणार? खांदा धरणार. माझा. सिद्धार्थ पाणी घेऊन मागून गाडीत, आणि मी स्कूटरवर त्याच्या उजव्या अंगाला. मला गाडी चालवता येत नाही, म्हणून खांदा मी. एवढे साधे कारण.

याचा आम्ही पुष्कळ सराव केला. त्याला थांबायचे असले की तो उजवा हात बाजूला टाकायचा, आणि हाताखाली माझा खांदा असायचा. तो कधीही वळून बघत नसे. मान वळवली की तोल जातो. “नजर पुढं, हात बाजूला,” तो म्हणायचा. “खांदा बघाचा नाय. खांदा असतोच.”

असतोच.

त्या दिवसाबद्दल लोक अजून हसून बोलतात, आणि मला प्रत्येक वेळी उठून बाहेर जावेसे वाटते. मजा कसली? एकचाकीच्या चालीने स्कूटर चालवणे म्हणजे स्कूटर रांगवणे. माझे दोन्ही पाय रस्त्यावर घासत होते. मागून ट्रकवाले हॉर्न देत होते, ते कमळाकरला नाही — त्याला ते टाळ्या देत होते — मला. आणि एवढेच असते तर मी चालवून घेतले असते. पण कल्याण-शीळ रस्त्यावरच्या गावागावात त्याचे नातेवाईक.

काटईला मावशी. निळज्याला चुलतबहीण. खिडकाळीला आणखी कुणी, तिचे नाते मला समजावून सांगितले, मी विसरलो. प्रत्येक जण ताट घेऊन रस्त्यावर. वाढदिवस, म्हणजे औक्षण. पण हा खाली उतरणार नाही! मग मी स्कूटर उभी करायची, त्याने माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून वर डुलत राहायचे, मावशीने स्टुलावर चढायचे. वाऱ्याने निरांजन विझायचे. ते पुन्हा लावायचे. त्याच्या कपाळाचे कुंकू माझ्या शर्टावर सांडायचे. पेढा त्याच्या तोंडात, मग माझ्या.

“ए संपादक,” तो वरून म्हणायचा, “जरा हस न रं! पेढा हाय, औशद नाय.”

मागून सिद्धार्थ काच खाली करून, “अरे, त्याला हसायला उद्याची तारीख दे!”

मी हसत नव्हतो. मी कुरकुरतही नव्हतो — नियम होता ना. माझा खांदा ठणकत होता, ऊन चढले होते, आणि मी तोंड मिटून नियम पाळत होतो. कधीकधी वाटते, दोन शिव्या मोठ्याने दिल्या असत्या तर पुढचे झाले नसते. पण हे म्हणणेही सबबच आहे. खोडतो.

बघा, पुन्हा मी पेढ्यांवर आणि उन्हावरच घोटाळतो आहे. दुसऱ्या कुणाची ही प्रत हातात आली असती तर मी फाडली असती.

शीळफाटा दिसायला लागला. समोर सिग्नल, कंटेनरची रांग, धूळ. आमच्या आणि सिद्धार्थच्या गाडीच्या मध्ये एक टेम्पो घुसला होता. तेवढ्यात कमळाकर वरून आनंदाने ओरडला, “फाट्याच्या पुढं शिळाला धाकटी आत्या उभी हाय!”

आणखी एक आत्या. आणखी एक ताट.

सिग्नल लाल झाला. त्याची गती मंदावली. नजर पुढे, आणि हात बाजूला आला. मला तो हात स्वच्छ दिसला — उघडा पंजा, बोटे थोडी वाकलेली, अगदी खात्रीने खाली येत असलेला. आणि मी मूठ पिळली. स्कूटर पुढे गेली. फार नाही. हातभर.

ब्रेक लावायला गेलो आणि चुकून ॲक्सिलरेटर पिळला गेला, असे नाही. कुणी मागून ढकलले नाही. मला हेवा वाटत होता, असे लिहिले तर ते समजण्याजोगे होईल, पण तेही खरे नाही. मी वैतागलो होतो. हे आता संपावे, इतकेच मला हवे होते. म्हणून मी ते संपवले.

तो उजव्या अंगावर पडला. मनगट मोडले. टेम्पोवाला उतरून धावत आला, माझ्या आधी. सिद्धार्थने आम्हाला गाडीत घालून दवाखान्यात नेले आणि मग तो शिळाला त्या आत्याला आणायला गेला, कारण ती अजून ताट घेऊन उन्हात उभी होती. ती दवाखान्यात ताटासकट आली. प्लास्टर चढवलेल्या भाच्याला तिने तिथेच ओवाळले. मी त्याच्या शेजारी होतो. पेढा मलाही भरवला. मी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मी बातमी लिहिली. आतल्या पानावरची छोटी चौकट: शीळफाट्यावर रस्त्यावरील खडीमुळे चाक घसरल्याने वाढदिवसाची सफर अर्धवट. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बातम्यांतला खोटेपणा मी शोधून काढला, आणि स्वतःची खोटी बातमी स्वतःच तपासून पानात सोडली. कुणी विचारलेही नाही.

कमळाकरने ती वाचली. मला बोलावून घेतले. मला वाटले, सुटलो — आता हा विचारणार, आणि मला बोलावेच लागणार. तो म्हणाला, “खडी नव्हती रं तिथं. मना माहीत हाय. माजाच अंदाज चुकला. लोकांनी मना हसू नये म्हनून तू खडी टाकलीस.” आणि डाव्या हाताने माझा खांदा दाबला.

तेव्हा सांगता आले असते. दार बंद होते, दोघेच होतो. मी म्हणालो, “जाऊ दे रे.”

मनगट जुळून आले. त्याचा स्वतःवरचा भरवसा आला नाही. तो पुन्हा चाकावर बसला नाही. मोटारसायकल मुलाला दिली. घरामागच्या आंब्यावर चढायचा, ते सोडले. आता कोपर स्टेशनसमोरचा रस्ता ओलांडतानाही त्याची बायको, सुरेखावहिनी, त्याचा हात धरते. “मना अंदाज येत नाय आता,” तो सांगतो — हसत, जणू चष्म्याचा नंबर वाढला आहे. वहिनी मला म्हणाल्या, “तुम्ही होता म्हणून बरं, भावजी. एकटे असते तर?”

एवढ्या वर्षांत त्याचा अंदाज एकदाही चुकलेला नाही. हे माहीत असलेला जगात एकच माणूस आहे, आणि तो रस्ता ओलांडताना त्याची दुसरी बाजू धरतो.

यंदा सिद्धार्थची पन्नाशी. त्याचे खूळ त्याने कमळाकरला मिठी मारून जाहीर केले: तीच एकचाकी, तोच रस्ता, आणि या वेळी ठाण्यापर्यंत. कमळाकरच्या डोळ्यांत पाणी आले. तो सिद्धार्थला शिकवतो आहे. आणि खांदा कुणाचा, हे त्याने कुणाला विचारलेही नाही. “खांदा ह्योच. दुसरा कोन नको.” कुरकुर करायची नाही.

येत्या रविवारी निघायचे आहे. आत्या, मावश्या सगळ्यांना निरोप गेले आहेत.

काल संध्याकाळी मैदानात शेवटचा सराव होता. सिद्धार्थ सरळ रेषेत छान चालवतो, माझ्यासमोर येईपर्यंत. मग कमळाकर कडेवरून, मोडलेले मनगट दुसऱ्या हातात धरून, ओरडतो, “हात टाकाच्या आधी बघ रं! मी बघला नव्हता! खांदा हाय क नाय, आधी बघ!”

सिद्धार्थने मान वळवून बघितले, आणि पडला. कपडे झाडून उठला, पुन्हा चढला, पुन्हा आला, पुन्हा वळून बघितले, पुन्हा पडला.

खांदा दोन्ही वेळा जागेवर होता.