पास झालेलं पाणी

लीलाबाई शेंडगेला वस्तीवर आता सगळे ‘जारवाली’ म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, एवढी माणुसकी अजून शिल्लक आहे म्हणायची.

इंदापूरच्या अंगाला ओढ्याकाठी तिची वस्ती. वरच्या बाजूला दारूचा अर्क काढणारा कारखाना. त्याचं तांबडं सांडपाणी ओढ्यात सुटतं आणि ओढ्यातून विहिरीत मुरतं. बघता बघता विहिरीचं पाणी कोऱ्या चहासारखं झालं. गाभण मेंढ्या गाभडायला लागल्या, लेकरांच्या अंगावर चट्टे उठले, प्यायला जार विकत आणायची पाळी आली. आणि नशीब बघा, लीलाबाईचा नवरा रामहरी त्याच कारखान्याच्या गेटावर वॉचमन! तो बिचारा काय बोलणार? पण ही बाई गप्प बसणारी नव्हती. “तुमी गेट सांभाळा, मी विहीर सांभाळते,” असं तिनं नवऱ्याला रोखठोक सांगून टाकलं होतं.

तिची लेक सृष्टी बारामतीला हॉस्टेलवर राहून बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला शिकत होती. पर्यावरण रसायनशास्त्र हा तिचा आवडता विषय. पाण्यात किती ऑक्सिजन विरघळलाय, किती घाण आहे, सगळं म्हणे मोजता येतं. लीलाबाईला हसू यायचं. अगं, मोजायचं काय त्यात? डोळं फुटल्यात का कुणाचं?

एक दिवस सृष्टीचा फोन आला. “आई, पाण्याची परीक्षा हाय. मागं ठेवून गेलेली तपकिरी बाटली घे, आपल्या विहिरीचं पाणी काठोकाठ भर आणि घेऊन ये. आत बुडबुडा ऱ्हाता कामा न्हाय.”

एवढंच बोलली. त्या पाण्याचा रिपोर्ट सरांच्या सहीनं ग्रामसभेत ठेवायचा, हे पोरीनं पोटातच ठेवलं. आईला सांगितलं की बापाच्या कानावर जाणार, तिथून कारखान्यात, आणि बापाची नोकरी जाणार. शहाणी पोर, काय करता!

लीलाबाई बाटली घेऊन विहिरीवर गेली. पोहरा वर आला, वास भपकन नाकात शिरला. परीक्षा पोरीची, आणि सरांच्या हातात हे द्यायचं? पाणी नापास झालं तर पोरगी नापास! दारात आलेल्या पाहुण्यालासुद्धा आपण गढूळ पाणी देत नाही, हे तर मास्तर. तिनं पोहरा तसाच ओतून दिला, घरी येऊन बाटली जारच्या पाण्यानं भरली. एक बुडबुडा राहू दिला नाही. एसटीत मांडीवर धरून बारामतीपर्यंत नेली आणि लेकीच्या हातात दिली.

कुणी स्वतःचं पाणी स्वतः तपासू नये म्हणून सरांनी वर्गातल्या सगळ्या पोरांच्या बाटल्या आपसांत बदलल्या. सृष्टीची बाटली दुसऱ्याच पोरानं तपासली. निकाल आला, पाणी उत्तम!

“सर, आमची विहीर लाल हाय हो,” सृष्टी कळवळून म्हणाली.

“आकडे भावना बघत नाहीत,” सर म्हणाले आणि निकालाचा तक्ता कॉलेजच्या प्रदर्शनात लावला. प्रदर्शनाला प्रमुख पाहुणे कोण? कारखान्याचे साहेब! त्यांनी लगेच तक्त्याचा फोटो काढून घेतला.

सृष्टीनं घरी फोन केला. “पास झालं का गं?” आईनं विचारलं. “झालं,” म्हणून पोरीनं फोन ठेवला. लीलाबाईनं देवापुढं साखर ठेवली.

ग्रामसभेत लीलाबाई विहिरीचं लाल पाणी बाटलीत भरून सगळ्यांत पुढं उभी राहिली. साहेबांनी शांतपणे फोटो दाखवला. “तुमच्याच वस्तीच्या मुलीनं आणलेलं पाणी आहे. कॉलेजनं तपासलंय.”

लीलाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. आता कुठं तिच्या टाळक्यात उजेड पडला. गप्प बसावं तर विहीर जाणार, बोलावं तर पोरगी. मग ती सगळ्या गावादेखत बोलली, “सायेब, ते पाणी विहिरीचं न्हवतं. म्या जारचं भरलं हुतं. माजी चूक हाय.”

साहेब हसले. “असं? मग मावशी, आज या बाटलीत चहा भरून आणला नाही कशावरून?”

सभा खो खो हसली. वस्तीची माणसंही हसली, हे तिला जास्त लागलं. तक्रार तिथंच निकालात निघाली. ही गोष्ट कॉलेजात पोहोचायला वेळ लागला नाही. सरांनी सृष्टीला फसवणूक केली म्हणून प्रॅक्टिकलमध्ये नापास केलं.

सृष्टी घरी आली. संध्याकाळी विहिरीच्या कठड्यावर आईशेजारी येऊन बसली.

“आई, मला पाणी नापास करायचं हुतं गं.”

“मग तसं सांगायचं न्हाय व्हय मला?” लीलाबाई ओरडली, आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. “अगं, नापास करायचंच हुतं, तर माज्याइतकं घाण पाणी तुला कुणी दिलं असतं?”