पंपाचं तेल आणि बायकोचा पेपर

मंडळी, सकाळपासून अंगणात फेऱ्या मारून राहिलो. मुलगी मोटरसायकलनं भंडाऱ्याला परीक्षेला गेली आहे, आणि तिच्या गाडीतलं तेल काल मी बदललं आहे.

दुकानदार म्हणत होता, "काका, कारचं घेऊन जा ना, तेल ते तेलच." मी गाडीचं पुस्तकच पुढे केलं. मोटरसायकलचा क्लच त्याच तेलात बुडलेला असतो. कारच्या तेलानं तो सरकू शकतो. पुस्तकात लिहिलेलंच तेल घेतलं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो.

"तेल ते तेलच" असं ब्याऐंशी साली मीही म्हणालो होतो. तेव्हाच्या गाडीत पेट्रोलमध्येच वेगळं तेल मिसळावं लागे. ते संपलं, म्हणून मी धानाला पाणी देणाऱ्या पंपाच्या इंजिनाचं तेल ओतलं आणि बायकोला लाखनीहून भंडाऱ्याला शिक्षिकेच्या परीक्षेला घेऊन निघालो. अर्ध्या वाटेत धूर ओकून गाडी बंद पडली. ट्रकनं पोहोचलो तोवर पेपर सुरू होऊन दार लागलं होतं. "जाऊ द्या," एवढंच ती बोलली. पुन्हा फॉर्म भरला नाही.

आज तीच मला म्हणते, "काहून फेऱ्या मारता? पुस्तक वाचून टाकलं ना तेल?"

तुम्ही तेल घेताना गाडीचं पुस्तक पाहता, की दुकानदाराचं तोंड?

हे लिहिता लिहिता फोन आला. "बाबा, पोहोचली मी."

बायकोनं माझ्या हातून फोन हिसकावला. "दार लागाच्या आधी पोहोचली न वो माय?"